एक घास, दोन तास

ऑफिसात आपण कुणाकुणाला हँडल करत नाही! रात्री दहा वाजता 'छोटासा चेंज आहे' म्हणत अख्खं प्रेझेंटेशन फिरवायला लावणारा क्लायंट, रजेचा विषय निघाला की ज्याला नेमका कॉल येतो तो मॅनेजर, एसीच्या टेंपरेचरवरून रोज भांडणारे शेजारचे दोन डेस्क. सगळे जमतात. जमत नाही ती एकच पार्टी. वय अडीच वर्षं, उंची जेमतेम तीन फूट, समोर वरण-भात आणि वर तुपाची धार. तोंड घट्ट बंद. निगोशिएशन संपलं!

मग सुरू होतो आपला रोजचा एपिसोड. आधी लाडीगोडी, मग गॅलरीतली कबुतरं, मग 'बाबांना फोन लावू का?', मग मोबाइलवरची गाणी आणि शेवटी डोळे वटारणं. भात गार, आई गरम आणि पोरगं सोफ्याखाली.

जे अजून सिंगल आहेत, त्यांनी पान उलटू नका. ताईकडे जेवायला गेल्यावर भाच्याच्या मागे वाटी घेऊन धावायची ड्युटी तुमच्यावरही येणारच आहे.

हिशेब करून बघा

हिंजवडीहून कोथरूडला किंवा लोअर परळहून डोंबिवलीला पोचेपर्यंत साडेसात होतात. पोरगं साडेनऊला झोपतं. मधले दोन तास हाच तुमचा आणि त्याचा अख्खा दिवस. त्यातला सव्वा तास एका वाटी भातात गेला, तर सोमवार ते शुक्रवार मिळून दहातले सव्वासहा तास झाले की! उरलेल्या पावणेचार तासांत आंघोळ, पसारा, व्हॉट्सअ‍ॅप आणि जमलंच तर लाड.

म्हणूनच मला रात्रीच्या जेवणाचं हे भांडण पोषणापेक्षा वेळेचं जास्त वाटतं. आणि थोडंसं मार्कांचंही. 'जेवला का गं?' हा प्रश्न सासरहून येवो की माहेरून, त्याच्या उत्तरात आईचं अप्रेझल लपलेलं असतं. बाबांनी चार घास भरवले तर मात्र 'वा, किती करतो पोराचं!' असं. वाटी रिकामी झाली की आपण पास, उरली की नापास. पोराला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला फक्त भूक नसते.

भूक गेली कुठे?

पहिल्या वर्षी मूल अक्षरशः सुसाट वाढतं. जन्माच्या वेळी तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी मात्र वजन दोन-अडीच किलोनेच वाढतं आणि नंतर शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलोने. गाडी पाचव्या गिअरवरून दुसऱ्यावर आली, तर पेट्रोल कमी लागणारच. आपण मात्र टाकी फुल्ल करायला निघालेले!

त्यातच दोन वर्षांच्या आसपास नवीन पदार्थाकडे संशयाने बघण्याची फेज सुरू होते. काल आवडीने खाल्लेली दुधी आज 'छी' होते. वरणातली कोथिंबीर वेचून बाहेर काढली जाते. यात तुमच्या हाताच्या चवीचा काही दोष नाही. नुकतंच चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालेल, तर पंचाईतच. त्या वयात ओळखीच्या अन्नालाच चिकटून राहणं ही निसर्गाची सेफ्टी असावी, असं अभ्यासक मानतात.

आणि सर्वांत घरगुती कारण म्हणजे संध्याकाळचं खाणं. ठाण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीने आठवडाभर फ्रिजवर एक कागद लावला. पोराच्या पोटात जे जे जाईल ते त्यावर लिहायचं, पाळणाघरातल्या काकूंना विचारूनसुद्धा. शनिवारी कागद वाचला तर चोर सापडला! पाच वाजता केळं, सहाला रिक्षात बिस्किटांचा पुडा, सातला कपभर दूध. आणि साडेआठला आई विचारतेय, हा जेवत का नाही? तिने बाकी काही केलं नाही. बिस्किटं बंद केली, दूध जेवणानंतर ठेवलं आणि घरी आल्या आल्या, पर्स ठेवून हात धुतले की लगेच ताट वाढायला सुरुवात केली. पोरगा खादाड झाला नाही, पण ताटाजवळ बसायला लागला.

एका रात्रीचा स्कोअर बघू नका

लिऍन बर्च या अमेरिकेतल्या संशोधक. मुलांच्या खाण्याच्या सवयी हाच त्यांचा विषय. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २ ते ५ वर्षांच्या १५ मुलांचं सहा दिवसांचं सगळं खाणं मोजलं. १९९१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका जेवणातल्या कॅलरीज पाहिल्या तर प्रचंड चढउतार, सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास. पण दिवसभराची बेरीज केली तर फरक फक्त १० टक्क्यांच्या घरात! म्हणजे एका जेवणाला नुसती चव घेऊन उठलेलं मूल पुढच्या खाण्याला भरपाई करत होतं. हिशेब त्यांच्या पोटाला येत होता.

आपण मात्र रोज रात्री त्या एका जेवणाची बॅलन्स शीट मांडतो. त्याऐवजी आठवड्याचा विचार करा. या सात दिवसांत डाळ, भाजी, फळ, अंडं किंवा दही, पोळी किंवा भात असं सगळं थोडं थोडं पोटात गेलं का? गेलं असेल तर मंगळवारच्या रात्रीचं टेन्शन सोडा.

आग्रहाचं उलटं गणित

आपल्याकडे आग्रह हा संस्कार आहे. जावयाला चालतो, पोराला नाही. बर्च यांच्याच गटाने २००६ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप देऊन पाहिलं. जे सूप संपवायचा आग्रह झाला, ते मुलांनी कमी खाल्लं आणि त्याबद्दल कुरकुरही जास्त केली. आग्रह नसलेलं सूप मजेत पोटात गेलं. आहे की नाही गंमत?

'भाजी संपव, मग चॉकलेट' हा फंडाही असाच अंगाशी येतो. त्यातून पोरगं एकच गोष्ट शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

आणि मोबाइल? त्यावर तोंड उघडतं, हे खरं. पण ते कार्टूनसाठी उघडतं, घासासाठी नाही. पोट भरल्याचा निरोप वर पोचायच्या आत आणखी सहा चमचे आत गेलेले असतात. वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. दोन वर्षांखाली स्क्रीन टाळा, असं आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचंही २०२१ पासून म्हणणं आहे. (आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो!) रडणाऱ्या, हसणाऱ्या किंवा पळणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबायचा नाही, हे तर पक्कंच. ठसका लागून श्वास अडकू शकतो.

तुमचं काम, त्याचं काम

मग करायचं काय? एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यावर ऑफिसवाल्यांना लगेच पटेल असा तोडगा दिलाय. सरळ जॉब प्रोफाइल वाटून घ्या! काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे आई-बाबा ठरवणार. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मूल ठरवणार. दुसऱ्याच्या टेबलावर नाक खुपसायचं नाही.

'म्हणजे आता रोज वेफर्स मागेल!' असं म्हणाल, तर थांबा. 'काय वाढायचं' हे खातं तुमच्याकडेच आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १५ बाळांना स्वतःचं जेवण स्वतः निवडू दिलं आणि ती मुलं छान वाढली. पण समोरच्या पदार्थांच्या यादीत साधं, ताजं अन्नच होतं, मिठाई नव्हतीच. खरी खुबी त्या यादीत आहे, असं खुद्द डेव्हिसबाईंनीच सांगून ठेवलंय.

आपल्या घरात हे असं दिसेल. त्याच्यासाठी वेगळा मेनू नाही. जे तुमच्या ताटात तेच त्याच्या, फक्त तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं. ताटात एक तरी ओळखीची वस्तू हवी, म्हणजे मऊ भात-मेतकूट, दही किंवा तूप लावलेली पोळी. शेजारी नवीन भाजीचा एकच चमचा. खाल्ला तर वा, नाही खाल्ला तर चेहरा नॉर्मल. नवीन पदार्थ पसंत पडायला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्यांदाच जाहीर करतो, 'आमच्याकडे भेंडी आवडत नाही.'

वाढणीही लहान असू द्या. वयाच्या प्रत्येक वर्षाला त्या पदार्थाचा एक मोठा चमचा, हा सोपा अंदाज. अडीच वर्षांच्या पोराला अडीच चमचे भात! आपण वाढतो त्यात त्याची दोन जेवणं होतात. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं. रागाने नाही, भाषण न देता. पुढचं खाणं पुढच्या वेळेला, मधे बिस्किट नाही. पहिले चार-पाच दिवस जड जातील. पोरापेक्षा तुम्हाला!

आजीचं काय?

हा खरा अवघड पेपर. 'पोरगं उपाशी झोपलं' हे वाक्य आजीला सहनच होत नाही. त्यामागे कारण आहे. तिच्या लहानपणी गोवर किंवा जुलाबाच्या एका साथीत मूल हातचं जायचं. अंगावर थोडं बाळसं असणं हा तेव्हाचा विमा होता. तेव्हा तिला आकडेवारी ऐकवू नका. 'आई, भरवायचं राहू द्या, तुम्ही त्याच्या शेजारी बसून जेवा ना' असं म्हणून बघा. चिऊ-काऊच्या गोष्टीही खुशाल सांगू द्या. फक्त गोष्टीच्या नादात बंद तोंडात घास सरकवायचा नाही, एवढी एकच अट.

डॉक्टरांकडे कधी?

सगळंच 'फेज आहे' म्हणून सोडायचं नसतं. वजन वाढत नसेल किंवा कमी होत असेल, गिळताना त्रास किंवा वारंवार ठसका, सतत उलट्या-जुलाब, हट्टी बद्धकोष्ठ, फिकट चेहरा, माती-खडू खाणं, किंवा जेमतेम दोन-चार पदार्थांपलीकडे काहीच न चालणं, यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लसीकरणाच्या कार्डातला वाढीचा तक्ता काढा. शेजारच्या गुबगुबीत बंटीपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

आणि दुधाचा हिशेब ठेवा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं तर पोट भरतं, पण दुधात लोह नसल्यातच जमा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. चॉकलेटी पावडर ढवळून हा प्रश्न सुटत नाही. पालेभाजी, कडधान्यं, अंडं, चालत असेल तर मासे-मटण, आणि डाळीवर पिळलेलं लिंबू जास्त कामाचं. टॉनिक मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाकी, पोरगं निरोगी असेल, दिवसभर उड्या मारत असेल, तर रात्रीची वाटी अर्धी राहिली तर राहू द्या. त्या वाचलेल्या तासात त्याच्याबरोबर ब्लॉक्स रचा, पाठीवर घेऊन घोडा करा, गॅलरीत उभं राहून जाणाऱ्या बसेस मोजा. तीस वर्षांनी त्याला अमुक रात्री किती चमचे भात खाल्ला ते आठवणार नाही. रोज संध्याकाळी घरी आलेली आई ओरडायची की खेळायची, हे मात्र नक्की राहील.

फ्रिजवर चिकटवा!

• जेवणाआधी दीड-दोन तास फक्त पाणी.
• दूध जेवणानंतर, दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आत.
• टीव्ही, मोबाइल बंद. तुमचाही!
• सगळ्यांनी एकत्र बसा, चमचा त्याच्या हातात द्या. सांडू द्या, खाली जुना पेपर अंथरा.
• अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहानांना नकोत. कूट करा, उभे काप करा.
• 'शहाणा, सगळं संपवलंस!' आणि 'वाईट, टाकलंस!' ही दोन्ही वाक्यं आठवडाभर सुट्टीवर पाठवा.