पीजेचा एक डबा पहूरला ठेवा

हरियाणात गुरुग्रामच्या पुढे तावडू नावाचे गाव आहे. तिथे २०१३ पासून हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम हे खासगी संग्रहालय चालते. तरुण ठकराल या एका माणसाच्या संग्रहाच्या वेडातून ते उभे राहिले. आत पालख्या आहेत, बैलगाड्या आहेत, जुन्या मोटारी आणि रेल्वेचा डबा आहे, विमानही आहे. शिवाय जुन्या भारतीय खेळण्यांचे दालन आहे. दिल्लीची माणसे सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन या गावाकडे गाडी वळवतात. हे ऐकल्यावर जळगाव-धुळ्यातही असे काही का नसावे, असे कुणाच्याही मनात येईल. आमच्याही आले.

कल्पना उत्तमच. धास्ती आहे ती आपल्या रीतीची. आपल्याकडे आधी उद्घाटनाला कोण येणार हे ठरते, मग इमारत, आणि आत काय ठेवायचे याची शोधाशोध सगळ्यात शेवटी. मोटारींच्या बाबतीत ही शोधाशोध मुंबईच्या एखाद्या दलालाच्या दारात संपेल. एखादी इम्पाला येईल, एखादी फुटक्या काचेची मर्सिडीज येईल, दारात सेल्फी पॉइंट होईल आणि जानेवारीत शाळांच्या सहली. त्या मोटारींनी जन्मात कधी तापी ओलांडलेली नसेल.

कारण उघड आहे. जुन्या मोटारींचे संग्रह बहुतेक संस्थानिकांच्या पागांतून निघाले. खानदेशात तशी पागाच नव्हती. १८१८ पासून हा इंग्रजांचा खालसा मुलूख. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले, तेव्हाही कारभार कलेक्टरचाच. सातपुड्याच्या अंगाची मेहवासी ठाणी सोडली तर इथे राजा नाही, मग राजाची रोल्स रॉईस कुठली? मोटार असायची ती एखाद्या जिनिंगवाल्या शेटजींकडे, नाहीतर नामांकित वकिलाकडे. बाकीचा खानदेश चालला बैलगाडीवर, एसटीवर, धुळ्याच्या चौफुलीवरून मुंबई-आग्र्याकडे आणि सुरत-नागपूरकडे धावणाऱ्या ट्रकांवर, माणसे टपावर बसवून निघणाऱ्या काळीपिवळीवर. आणि पीजेवर.

पाचोरा-जामनेर रेल्वेला सगळा मुलूख पीजे म्हणतो. पहिले महायुद्ध संपत आले त्या सुमारास, १९१८-१९ मध्ये, इथला कापूस मुख्य मार्गापर्यंत उचलून न्यायला ती बांधली. दोन रुळांत अंतर अडीच फूट, लांबी ५६ किलोमीटर. पाचोऱ्याहून निघायचे, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत रमतगमत जामनेरला पोचायचे. बाहेरचे हौशी लोक कॅमेरे घेऊन येत आणि तिला खेळण्यातली गाडी म्हणत. कापसाच्या पैशांसाठी तालुक्याला निघालेल्याला किंवा पोर कडेवर घेऊन दवाखान्यात निघालेल्या बाईला ती खेळणे वाटत नव्हती. स्वस्त तिकिटाची, हक्काची गाडी वाटत होती. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता मार्गाचे रुंदीकरण आणि पुढे बोदवडपर्यंत विस्तार मंजूर आहे. रुंदीकरण हवेच. जामनेरकरांनी शंभर वर्षांपूर्वीच्या रुळांवर आमच्या हौसेखातर रखडावे, असे म्हणण्याचा अधिकार पुण्यामुंबईच्या छायाचित्रकारांना नाही, आम्हालाही नाही. पण रुंदीकरणाच्या कागदांत जुन्या डब्यांची नोंद ‘भंगार’ या एकाच रकान्यात होऊ नये, एवढे म्हणता येते.

रकान्यांचा प्रश्न आला म्हणून नियमांचेही पाहू. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही. नियम वाईट नाही. हौशी मालकांची कटकट त्याने कमी झाली. पण व्याख्या वाचताना डोळ्यांसमोर येते ती बंगल्याच्या पोर्चमधली, रविवारी पुसून चकचकीत केलेली मोटार. एसटी त्यात बसत नाही. उलट १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांना पंधरा वर्षे झाली की नोंदणीच संपते, आणि या नियमात परिवहन महामंडळांच्या बसही येतात. पंधराव्या वर्षी तोडायला जाणारी गाडी पन्नाशी गाठणार कशी? राज्यात एसटी पहिल्यांदा धावली १ जून १९४८ ला, पुण्याहून अहमदनगरला. गाडी बेडफर्डची, बॉडी लाकडी, आसने काथ्याची. पुढे लाल डबा म्हणून आपण जिची टिंगल केली, त्या गाडीची घंटीची दोरी, वाहकाच्या मांडीवरचा तिकिटांचा ट्रे, दांडीवर खटखट वाजणारा पंच, यातले काय तुमच्या तालुक्यात जपून ठेवले आहे, हे एकदा आगारात जाऊन विचारावे. हात हलवून वाटेला लावतील.

खेळण्यांची कथा याहून अवघड, कारण ती विकत घेतलेली नव्हती. कापसाच्या आणि ज्वारीच्या या मुलखात पोरांचा कारखाना म्हणजे खळ्यातला धांडा. वाळलेल्या ज्वारीच्या ताटाची साल नखाने सोलायची, आतले मऊ पांढरे भेंड वेगळे काढायचे. सालाची पट्टी वाकवून गोल केला की चाक झाले. मध्ये भेंडाचा तुकडा म्हणजे तुंबा, त्यात सालाच्या काड्या टोचल्या की आरे. मग साटी, जू, जुवाला शिवळा, आणि पुढे बैल. बैलाची शिंगे बाभळीच्या काट्यांची. खिळा नाही, गोंद नाही. उरलेल्या सालाचा चष्मा. ज्या मुलाने बापाच्या गाडीला वंगण घातले असेल त्याचीच गाडी नीट जमायची. शहरातून सुटीला आलेल्याच्या गाडीचे चाक आखावर तिरके बसायचे. चपलेच्या टाचेतून कापलेली चाके लावलेला तारेचा ट्रक नंतरचा, रस्त्यावर टाटांचे ट्रक दिसू लागल्यावरचा. पोळ्याचे मातीचे बैल अजून बाजारात मिळतात, भाद्रपदात मुली मांडतात त्या गुलाबाईच्या मूर्तीही मिळतात. धांड्याची गाडी मिळत नाही. ती दोन दिवसांत गुरे खातात, किंवा चुलीत जाते. संग्रहालयात ठेवायची तर दर हंगामात नवी करावी लागेल, आणि करणारा माणूस पगारावर ठेवावा लागेल. आमच्या मते पैसे खर्च करायची हीच पहिली जागा.

यावर कुणी म्हणेल, पोरांच्या काडीकाटक्यांना संग्रहालय कशाला? त्यांनी दायमाबादची आठवण ठेवावी. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ हातभर लांब, सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि त्यात उभा एक माणूस. उत्तर हडप्पा काळातली ही वस्तू पूजेची की मिरवणुकीची की आणखी कशाची, यावर विद्वान भांडतात. गाडी लहान करून घडवायची आवड मात्र या मातीत आमच्याआधी निदान साडेतीन हजार वर्षांची आहे.

राहिला प्रश्न जमवणार कोण याचा. खानदेशाला हा प्रश्न शोभत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे उचलत गावोगाव फिरले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या मागे धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या दप्तरांतला कागद तेव्हा रद्दीच समजला जात होता. चाळीसगावच्या स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस इंग्लंडातून शिकून परतले ते जवळजवळ घराबाहेर न पडता १९८९ पर्यंत तिथेच राहिले. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर रचून त्यांतून बर्फाचा, रानाचा देखावा भासवणारी त्यांची छायाचित्रे आजही त्या घरात पाहायला मिळतात; एका अर्थी मोठ्या माणसाने मांडलेला खेळच तो. आणि नेटके संग्रहालय आडबाजूला चालत नाही म्हणावे, तर २०१२ पासून जळगावच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, तिथे माणसे शहराबाहेर जातातच की.

म्हणून सुचवायचे ते असे. जागा पहूरची घ्यावी. जळगाव स्टेशनावर उतरून अजिंठ्याला निघालेली प्रत्येक गाडी पहूरवरून जाते, देशी पाहुणे असोत की परदेशी. आज ती तिथे फार तर चहाला थांबते. पीजेही पहूरवरूनच जात होती. पत्र्याची एक मोठी शेड, तिच्यात पीजेचा एक डबा, पंधरा वर्षे पुरी झालेली एक एसटी, एक काळीपिवळी, धावेसकट एक बैलगाडी, आणि कडेला धांडे सोलत बसलेला एक म्हातारा. एसटी महामंडळाने गाडी, रेल्वेने डबा द्यावा, जागा ग्रामपंचायतीने. पुढचे पैसे जळगावच्या सराफांनी आणि केळीच्या व्यापाऱ्यांनी काढले तर त्यांच्या नावाची पाटी खुशाल मोठी लावावी. इम्पाला कुणी फुकट दिली तर ठेवायला हरकत नाही, पण ती मागच्या बाजूला.

एक व्यवहाराची गोष्ट रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. अडीच फुटी रूळ जागेवर असतील तोवर डबा पाचोऱ्याहून पहूरपर्यंत आपल्या चाकांवर येईल. ते उखडले की क्रेन आणि ट्रेलर आले, आणि त्यांचे भाडे कुणाच्या खात्यात टाकायचे यावरच दोन वर्षे पत्रव्यवहार चालेल.