एकसमयावच्छेदेकरून

कायद्याच्या जुन्या मराठी तर्जुम्यांत 'एकसमयावच्छेदेकरून' असा एक भारदस्त शब्द आढळतो, आणि तो उच्चारून होईपर्यंत ज्या दोन गोष्टी एकदम घडावयाच्या त्या घडून मोकळ्याही झाल्या असतील, अशी त्याची थट्टा करण्याचा मोह कोणालाही व्हावा. तो शब्द आता व्यवहारातून गेला. परंतु त्याच्या मागे असलेली भारदस्तपणाची हौस मात्र गेलेली नाही. ती आपल्या इंग्रजीत जाऊन बसली आहे. नोकरीचा अर्ज लिहिणारा मराठी तरुण 'नोकरी सांभाळून पदवी घेतली' एवढी साधी गोष्ट सांगतानाही 'सायमल्टेनिअसली' हे क्रियाविशेषण अर्जात घातल्यावाचून राहत नाही, आणि जेथे 'व्हाइल वर्किंग' या दोन शब्दांनी काम भागले असते तेथे एक अख्खी ओळ खर्ची घालतो.

दोष त्याचा नव्हे. दोन गोष्टी एका वेळी घडल्या एवढे कळले की मराठीची जिज्ञासा बहुधा संपते. क्रियापदाला 'ताना' जोडला की ती निश्चिंत होते. इंग्रजी भाषा मात्र एखाद्या चिकित्सक कारकुनाप्रमाणे आणखी विचारणा करते, की त्या दोन घटनांपैकी लांबलेली कोणती आणि क्षणिक कोणती, दोन्ही लांबलेल्या असतील तर त्या शेजारी शेजारी निमूट चालल्या होत्या की एकीच्या वाढीबरोबर दुसरीही वाढत होती. मी वाचत होतो आणि दिवे गेले, या प्रसंगात वाचन लांबलेले व दिवे जाणे क्षणाचे. म्हणून 'व्हाइल' वाचनाच्या आधी लागतो, आणि वाक्य उलटे फिरवून दिव्यांना मागे नेले, तर त्यांच्या आधी 'व्हेन' यावा लागतो. दिवे जाण्याच्या क्षणाला 'व्हाइल' लावला तर ऐकणाऱ्याला ते बराच वेळ जात राहिले होते असे वाटावे. अंधार पडत गेला तसतसा वारा वाढला, अशा जोडीने वाढणाऱ्या गोष्टींसाठी 'ॲज' आहे. 'ड्यूरिंग' याच्या मागे मात्र नामच हवे, वाक्य चालत नाही. 'ड्यूरिंग आय वॉज रीडिंग' असे लिहिलेले मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या पत्रांत पाहिले आहे.

या 'ताना' प्रत्ययाची एक गंमत अशी, की तो कर्त्याची फारशी चौकशी करीत नाही. 'जेवताना फोन वाजला' हे वाक्य आपल्या घरात कोणालाही खटकणार नाही, कारण जेवणारा कोण हे ऐकणारा आपले आपण समजून घेतो. तेच 'व्हाइल ईटिंग, द फोन रँग' असे इंग्रजीत उतरले, की व्याकरणाच्या हिशेबाने ताटावर फोन येऊन बसतो. तेथे जेवणाऱ्याला वाक्यात हजर करावेच लागते: 'व्हाइल आय वॉज ईटिंग'.

याहून अवघड प्रकरण 'टाइम' या शब्दाचे आहे. सर्व पाहुणे एकाच वेळी आले, हे सांगण्यासाठी 'ॲट अ टाइम' वापरण्याची खोड आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे, की ती दुरुस्त करणाऱ्यालाच लोक चुकीचा ठरवितात. वास्तविक 'ॲट अ टाइम' मध्ये वाटणीचा हिशेब आहे, एका खेपेला किती असा. दवाखान्याच्या दारावर 'वन ॲट अ टाइम' अशी पाटी असते तेव्हा तिचा अर्थ एकेकाने यावे असा होतो, म्हणजे सर्वांनी एकदम येण्याच्या नेमका उलट! पाहुण्यांसाठी 'ॲट द सेम टाइम' हवे. 'ॲट वन टाइम' म्हणजे बहुधा कोणे एके काळी, आणि 'ॲट टाइम्स' म्हणजे अधूनमधून.

इंग्रजांचीही यात फजिती होते, हे न सांगणे पक्षपाताचे ठरेल. 'ॲज आय वॉज लीव्हिंग, ही शट द डोअर' या वाक्यात मी निघत असताना त्याने दार लावले, की मी निघालो म्हणूनच लावले, याचा निवाडा त्या वाक्यावरून करता येत नाही, कारण 'ॲज' दोन्हीकडे साक्ष देतो. 'व्हाइल'चा उपयोग नुसत्या 'आणि'च्या जागी करण्याची लेखकांची सवय तर फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 च्या आपल्या प्रसिद्ध कोशात चांगलीच फैलावर घेतली आहे.

'सायमल्टेनिअस' या शब्दाला मी अगदी हद्दपार करू पाहतो, असे नाही. त्याचे नेमकेपण जेथे हवे तेथे तो राजकारणाचाही विषय झालेला आहे. सनदी नोकरीची परीक्षा विलायतेत आणि हिंदुस्थानात एकाच वेळी व्हावी या मागणीचे नावच 'सायमल्टेनिअस एक्झामिनेशन्स' असे होते. दादाभाई नौरोजी पार्लमेंटात असताना, 1893 साली, कॉमन्स सभेने तसा ठरावही संमत केला. सरकारने तो गुंडाळून ठेवला, आणि हिंदुस्थानातली परीक्षा अखेर 1922 साली अलाहाबादेस सुरू झाली.

परंतु या शब्दकुळातल्या ज्या एका शब्दावर माणसाच्या आयुष्याची वर्षे टांगलेली असतात, तो 'कन्करंटली' होय. एकाच खटल्यात कोणास एका गुन्ह्याबद्दल तीन व दुसऱ्याबद्दल पाच वर्षांची सजा झाली, आणि निकालपत्रात हा शब्द पडला, तर पाच वर्षांत तो सुटतो. 'कन्सेक्युटिव्हली' पडला तर आठ वर्षे. जुलै 2024 पर्यंत अमलात असलेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 31 वे कलम तर असे होते, की न्यायाधीशाने याबाबत काहीच लिहिले नाही, तर कैदेच्या सजा एकीमागून एक भोगाव्या लागत. जिल्हा न्यायालयात शिरस्तेदारी केलेले माझे एक वयोवृद्ध स्नेही म्हणत, "अहो, निकालाच्या शेवटच्या ओळीत तो शब्द आहे की नाही, एवढेच आरोपीचा बाप मला विचारायचा, बाकीची पन्नास पाने त्याच्या लेखी कोरीच." मराठी बातमीपत्रांत याचेच 'सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत' असे होते, आणि वाचणारा त्यावरून झरकन पुढे जातो.

एकाहून अधिक जन्मठेपा एकीमागून एक भोगावयास लावता येतील काय, हा प्रश्न 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे आला, तेव्हा माणसाला आयुष्य एकच असल्यामुळे तसे करता येणार नाही, असा निर्णय त्याने दिला. मुदतीची कैद मात्र आधी भोगवून जन्मठेप तिच्यानंतर सुरू करण्याची मुभा त्या निकालाने ठेवली आहे.