‘आणखी जोर लावा!’

दिवाळीच्या फराळाबरोबर हल्ली घरोघरी आणखी एक पदार्थ हमखास वाढला जातो. तो म्हणजे परदेशातील युद्धाविषयीचा सल्ला. लढाई युक्रेनची असो की गाझाची, चकलीचा तुकडा मोडता मोडता आमचे गृहस्थ म्हणतात, “हे सारे मवाळपणाचे फळ! एकदाच आणखी जोर लावावा आणि चिरडून टाकावे, म्हणजे कटकट मिटेल.” ज्या गावावर हा जोर लागायचा, ते नकाशावर दाखवा म्हटले तर त्यांचे बोट अडखळते. सल्ला मात्र अडखळत नाही.

इतरांनी असे बोलावे, हे मी एक वेळ समजू शकतो. रत्नागिरीकराने तरी बोलू नये. कारण या मंत्राने काय साधते, याचा दाखला आमच्या गावातच लाल भिंतींचा उभा आहे. लोक त्याला थिबा पॅलेस म्हणतात, फोटो काढतात आणि आंबे घेऊन घरी जातात.

१८८५ साली रंगूनच्या गोऱ्या व्यापाऱ्यांचा डोळा उत्तर ब्रह्मदेशावर होता. बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सागाचे तोडलेले ओंडके कमी दाखवले, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. झाले! थिबा क्रूर आहे, तो फ्रेंचांशी संधान बांधतो, त्याची प्रजा आपली वाटच पाहते आहे, असा एकच गिल्ला झाला. यात सारेच खोटे नव्हते. १८७९ साली राजघराण्यातील कित्येकांची कत्तल झाली होती, हे खरेच. पण निखळ खोटे पकडता येते. अर्धे खरे मात्र माणसाला युद्धापर्यंत ओढून नेते.

नोव्हेंबरात सुमारे दहा हजारांची फौज इरावतीतून वर गेली. पंधरवड्यात, २८ नोव्हेंबरला, मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी मुलूख खालसा झाला आणि त्याच वर्षी थिबा रत्नागिरीस आला, तो १९१६ साली इथेच वारला.

विजय झाला, खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. राजा गेला, त्याबरोबर राज्याची घडीही मोडली. रानोमाळ टोळ्या उठल्या. तेव्हा पुन्हा तोच मंत्र: जोर कमी पडतो आहे! फौज तीस हजारांच्या वर गेली. गावे जाळली, बंडखोरांच्या नातलगांना घरादारासकट हलवले. मंडालेतील कर्नल हूपर हा कैद्यांना गोळ्या घालतानाची छायाचित्रे घेतो, याचा बोभाटा लंडनपर्यंत झाला.

“पण शेवटी शांतता झालीच ना?” असा बिनतोड वाटणारा प्रश्न मला विचारतात. झाली, १८९०च्या सुमारास. म्हणजे पंधरा दिवसांच्या कामाला पाच वर्षे लागली. आणि १९३० साली साया सानच्या मागे शेतकरी पुन्हा उठलेच. तोंड दाबल्यावर जी होते तिला शांतता म्हणत असाल, तर तुमचा-माझा शब्दकोश वेगळा आहे.

आता खर्चाचे पाहू. सागवान व्यापाऱ्याचे, कीर्ती व्हाइसरॉय डफरिनची, आणि पैसा हिंदी रयतेचा! डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनाने या खालसा धोरणाविरुद्ध ठराव केला. ठराव करणारे काही थिबाचे भाट नव्हते. जोराला विरोध करणे म्हणजे शत्रूची आरती करणे नव्हे, इतके त्यांना कळत होते. आज ते सांगितले, की लोक आपल्याकडे संशयाने पाहतात.

आणि पुढची गंमत ऐका. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली, आणि १९१४ पर्यंत ते त्याच मंडालेत कैदेत राहिले. आमच्या पैशाने जिंकलेला मुलूख आमच्याच पुढाऱ्याचा तुरुंग झाला. परमुलखात उगारलेला दंडुका घरचे डोके ओळखत नाही.

घरावर चालून आलेल्याला अडवू नये, असे मी म्हणत नाही. युक्रेनच्या माणसाने बंदूक धरली, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. माझा वाद आहे तो दुरून चेव आणणाऱ्यांशी. त्यांना मी तीनच प्रश्न विचारतो. जोर कुठे थांबवायचा, हे आधी सांगाल का? त्याची किंमत कोण देणार? आणि सगळे मोडल्यावर तिथला संसार कोण लावणार? १८८५ साली यांतल्या एकाचेही धड उत्तर कोणापाशी नव्हते. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला, त्याच वर्षी तिथे यादवी पेटली. आणि २०२१ साली सत्ता बळकावलेल्या सेनापतींनी आपल्याच खेड्यांवर विमानांतून बाँब टाकले. त्यांचेही म्हणणे हेच, की जोर कमी पडतो आहे.

ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. पण ज्याचे जळत नाही, त्याने निदान तेल घेऊन धावू नये. दिवाळीत तेल पणतीत घालावे. तिथे त्याचा उजेड होतो.