‘काही तक्रार?’ एवढ्यावर रिमांड संपू नये

मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय, यांस



जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करणाऱ्या बाईचं पत्र म्हटल्यावर नव्या इमारतीची किंवा बाररूमची मागणी असेल असं वाटणं साहजिक आहे. इमारत हवीच आहे, पण तिचं पुन्हा कधीतरी. आज लिहायचं आहे ते अटकेनंतरच्या पहिल्या हजेरीबद्दल. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. आरोपीसाठी कायद्यानं जी संरक्षणं ठेवली आहेत त्यातली बहुतेक याच वेळी उपयोगाला यायला हवीत. नेमकी याच वेळी ती रोजनाम्याच्या ठरावीक ओळींत गडप होतात.

रिमांड बहुतेक ठिकाणी जेवणाच्या सुट्टीनंतर घेतात. तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट पुढे करतो. त्यातला मजकूर आम्हा सगळ्यांना पाठ आहे: आरोपी विचारपूस करता उडवाउडवीची उत्तरे देत आहे, साथीदार निष्पन्न करायचे आहेत, मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, सबब सात दिवस पोलीस कोठडी मिळावी. मोबाइल चोरी असो की मारामारी, नाव आणि कलमं बदलतात, बाकी मजकूर तसाच. या ‘उडवाउडवी’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की माणसानं कबुली दिलेली नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं अनुच्छेद २०(३) सांगतो. कबुली दिली नाही म्हणजे तपासात सहकार्य केलं नाही असं होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरी आमच्याकडे गप्प राहण्याचा हक्क बजावला की तेच कोठडी मागण्याचं कारण होतं, आणि त्यावर कोठडी मिळतेही.

मग कोर्ट विचारतं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?”

आरोपी म्हणतो, “नाही.” रोजनाम्यात ओळ पडते: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.

हे विचारलं जात असताना ज्या हवालदाराबद्दल विचारायचं तोच आरोपीच्या मागे हातभर अंतरावर उभा असतो. बाहेर आणताना ज्यानं दंड धरला होता, रात्री ज्याच्या ताब्यात परत जायचं आहे, तोही तोच. अशा वेळी ‘हो’ म्हणायला फार मोठी छाती लागते. मी ते ऐकलंय, पण फार थोड्या वेळा. एकदा साहेबांनी पोलिसांना दाराबाहेर थांबायला सांगितलं, आरोपीला जवळ बोलावून शर्ट वर करायला लावला आणि दिसलं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तक्रारीबद्दल विचारायची ही प्रथा आली कुठून? तिची मुळं मुंबईतच आहेत. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १५ जणींशी बोलणं झालं होतं, त्यातल्या पाच जणींनी लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. त्या पत्राचीच याचिका झाली. १९८३ च्या निकालात न्यायालयानं मॅजिस्ट्रेटांवर जबाबदारी टाकली: छळाची तक्रार आहे का हे आरोपीला विचारायचं, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क त्याला समजावून सांगायचा. आपण त्यातला प्रश्न ठेवला आणि हेतू सोडून दिला.

वकिलाचंही तेच. २६/११ च्या खटल्यात कसाबला वकील का द्यायचा, यावर तेव्हा घराघरांत भांडणं झाली. वकील दिला गेला, पुरावा उलटतपासणीतून गेला, शिक्षा टिकली. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय सहआरोपींना मात्र विशेष न्यायालयानं २०१० मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, आणि तो निर्णय उच्च व सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. वकील नको म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर या दोघांचं काय झालं असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे आपलं कमी लक्ष गेलं. आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जाईल तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची पूर्ण कल्पना देणं आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं वकील देणं, हे प्रत्येक मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य ठरवलं.

आता जिल्ह्याजिल्ह्यांत त्यासाठी लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत, ही मोठी सुधारणा आहे आणि तिथले तरुण वकील मनापासून काम करतात. पण आरोपी आणि त्याचा अभिरक्षक यांची पहिली भेट कोर्टाच्या व्हरांड्यात होते, पुकारा व्हायच्या जरा आधी आणि पोलिसांच्या देखत. वकीलपत्रावर अंगठा होतो. “हरकत आहे साहेब” एवढं म्हणण्यापलीकडे त्या वकिलाच्या हाती काहीच नसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवीत, आणि ती रिमांडच्या निदान दोन तास आधी त्याच्या हातात पडायला हवीत. ते दोन तास वकिलासाठीच आहेत. मेळघाटातून आलेल्या कोरकू मजुराला किंवा झारखंडहून आलेल्या गवंड्याला सरकारी मराठीत टाइप केलेला कागद देऊन सही घेतली तर तो कागद फायलीसाठी होतो, आरोपीसाठी नाही.

पहिल्या दिवशी एवढा काथ्याकूट कशाला, पुढे खटला चालणारच आहे, असं म्हणणाऱ्यांसमोर मी नाशिकचं प्रकरण ठेवते. जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जण निर्दोष असल्याचा निकाल दिला. मध्ये १६ वर्षं गेली होती. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचं निष्पन्न झालं होतं. घटनेतून वाचलेल्या स्त्रीनं पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती, हे कागदावर होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

पहिल्या रिमांडलाच ते सुटले असते, असं मी म्हणणार नाही. पण पोलीस कोठडीच्या त्या दिवसांतच निवेदन पंचनामे होतात, ओळख परेडची तयारी होते, फायलीला आकार येतो. त्या दिवसांत विचारणारं कुणी नसेल तर पुढे तीन-तीन न्यायालयं त्या कागदांवर विसंबून राहतात. आणि आरोपीचे लाड म्हणून जे या संरक्षणांना नाकं मुरडतात त्यांनी त्या वाचलेल्या स्त्रीचा विचार करावा. तिनं बोट दाखवलेल्या माणसांना कुणी शोधलंही नाही.

जामिनाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. यातल्या कित्येकांची अडचण जामीन मंजूर न होणं ही नसून जामीनदार न मिळणं ही आहे. सातबारा असलेला, ऐपतीचा दाखला आणणारा, शिवाय स्थानिक जामीनदार ऊसतोड्यानं आणायचा कुठून? एका गवंड्याच्या प्रकरणात परजिल्ह्यातला जामीनदार नाकारल्याबद्दल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्येच कान उपटले होते. महिन्याभरात जामीनदार आला नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश ३१ जानेवारी २०२३ चे आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ गेल्यावर सोडायची सोय केली खरी, पण पोटकलम २ मध्ये एकाहून अधिक गुन्ह्यांचा अपवाद घातला. घरफोडीच्या साध्या गुन्ह्यातही दोन कलमं लागतातच. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं झालं. हे संसदेचं काम, आपलं नव्हे, म्हणून इथेच थांबते.

आपल्या अखत्यारीत मात्र अनुच्छेद २२७ आहे. त्याखाली एक परिपत्रक काढावं एवढीच विनंती. पहिल्या रिमांडचा रोजनामा मॅजिस्ट्रेटनं स्वतः लिहावा. अटकेची कारणं कुठल्या भाषेत आणि किती वाजता दिली, वकील आरोपीला किती वाजता आणि कुणाच्या उपस्थितीत भेटला, तक्रारीबद्दल विचारताना पोलीस कुठे उभे होते, अंगावर काय दिसलं, आणि कोठडी द्यायची तर पोलिसांच्या रिपोर्टाबाहेरचं कारण काय, एवढं त्यात असावं. मॅजिस्ट्रेटांवर कामाचा बोजा किती आहे हे आम्ही रोज बघतो. तरी बोर्डावरच्या ढीगभर तारखांच्या मानानं रोजचे नवे रिमांड थोडेच असतात.

जिल्हा न्यायालयांच्या तपासणीत निकाली काढलेल्या प्रकरणांचे आकडे बघितले जातात. पुढच्या तपासणीला येणाऱ्या न्यायमूर्तींना कुठल्याही न्यायालयातले कुठलेही दहा रिमांड रोजनामे काढून शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगावं. त्यातले किती एकमेकांची हुबेहूब नक्कल आहेत, ते परिपत्रकाच्या मसुद्याआधीच कळेल.

कळावे,

आपली नम्र,
जिल्हा न्यायालयातील एक वकील