कोटिंग गाडीला, चुना आपल्याला!

परवा टीममधल्या एका पोराने नवी गाडी बुक केली. पेढे वाटून झाल्यावर हळूच विचारतो, "अरे, सिरॅमिक कोटिंग घेऊ का? साडेअठरा हजार म्हणतायत." त्याला जे उत्तर दिलं तेच इथे सविस्तर लिहून ठेवतोय, कारण चार वर्षांपूर्वी मी याच खड्ड्यात पडलो होतो.

सीन तुम्हाला माहीत असेल. गाडीला हार घातलाय, आई-बाबा फोटोसाठी उभे आहेत, आणि नेमकं तेव्हाच टाय लावलेला एक जण कानाशी येतो. "सर, इंडस्ट्रियल एरियात राहता ना? ऊन, पाऊस, धूळ... ओरिजिनल पेंट टिकत नाही हो." दहा लाखांच्या पुढे अठरा हजार म्हणजे किस झाड की पत्ती! आपण कार्ड काढतो. नाकारलं तर गाडीवर आपलं प्रेम नाही असं वाटतं ना!

आता गंमत बघा. या गाड्या रंगतात कुठे? टेल्कोची इंडिका 1998 मध्ये आली ती पिंपरीतून. फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे चाकणचे कारखाने 2009 मध्ये सुरू झाले. आमच्या सोसायटीत निम्मे लोक आयटीतले, तर उरलेले याच पट्ट्यात शिफ्ट करून आलेले. त्यातले एक काका पेंट शॉपमधून रिटायर झालेत. त्यांना माझं कोटिंगचं बिल दाखवलं तर मनापासून हसले!

काकांकडून कळलं ते असं. गाडीचा सांगाडा आधी टाकीत बुडवून विजेच्या जोरावर प्रायमर चढवतात, भट्टीत भाजतात. मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, तोही भाजलेला. सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 120 मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ, पण पावसापाण्याला पुरून उरणारा. तुमचं कोटिंग त्यावर बसतं ते मायक्रॉन-दोन मायक्रॉनचं. "एवढ्या भट्ट्यांतून काढलेल्या रंगाला टिकत नाही म्हणतो होय तो टायवाला?" इति काका.

पण '9एच हार्डनेस' लिहिलंय ना! लिहिलंय खरं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगसाठी 2एच पेन्सिल घेतली होती, आठवतंय? हा एच तोच. वेगवेगळ्या पेन्सिली थरावर घासायच्या आणि कोणत्या पेन्सिलीपर्यंत ओरखडा उठत नाही ते बघायचं, अशी ती टेस्ट आहे. रस्त्यावरची धूळ पेन्सिलीच्या शिशाची नसते हो. क्रश सँडचे डंपर दिवसरात्र फिरतात आपल्याकडे. काळ्या दगडाची ती भुकटी फडक्यात अडकून घासली गेली की 9एच काय नि 90एच काय, ओरखडा पडणारच.

माझ्या गाडीवर पडले. सहा महिन्यांत उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायला लागले. मी तणतणत गाडी पुसणाऱ्या मामांकडे गेलो. पाचशे रुपये महिना देतो, त्यातले कापून घेईन म्हणालो. (हे लिहिताना आजही लाज वाटते.) मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, बादल्या दोन, गाड्या बावीस. सेक्रेटरी तिसरी बादली देत नाहीत. आणि रोज पुसा असं तुम्हीच सांगितलं की."

अगदी खरं होतं! कोरड्या धुळीवर रोज फडकं मारायची ऑर्डर माझी होती. पाणी कमी, कारण नोव्हेंबर 2019 मध्ये शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं आणि आमच्याकडे सगळी भिस्त टँकरवर. अठरा हजार देताना मी एक प्रश्न विचारला नाही, आणि पाचशेवाल्या माणसाकडून मात्र वसुली करायला निघालो.

त्या दिवसानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, मामांना सांगितलं, माझी गाडी रोज पुसू नका. पैसे तेच, पण आठवड्यातून एकदा नीट धुवायची: आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग शाम्पू. त्यासाठी एक बादली नि दोन मायक्रोफायबर मी आणून दिले. दोन, सहाशे रुपयांची स्प्रे सीलंटची बाटली आणली.

सीलंट लावायला अक्कल लागत नाही, थोडा धीर लागतो. गाडी धुवून पूर्ण कोरडी करायची. सावलीत उभी हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एका वेळी एकच भाग घ्यायचा, आधी बॉनेट, मग एकेक दरवाजा. फडक्यावर दोन फवारे मारून पातळ पसरायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. जास्त मारलं तर धब्बे राहतात. ब्रेकच्या डिस्कवर आणि टायरवर चुकूनही नको. तासाभराचं काम! दोन-तीन महिने टिकतं, मग पुन्हा एक रविवार.

यानेही ओरखडे थांबत नाहीत, हे आधीच सांगतो. फायदा एवढाच की धूळ आणि पक्ष्यांची घाण घट्ट धरून बसत नाही, धुताना कमी घासावं लागतं. आणि जाहिरातीतले ते पाण्याचे टपोरे मोती? आपल्याकडचं बोअरचं, टँकरचं पाणी क्षारांचं. ते मोती उन्हात वाळले की प्रत्येकाच्या जागी एक पांढरा डाग! म्हणजे मोती बघत बसायचं नाही, लगेच टिपून घ्यायचं. कोटिंग अठरा हजारांचं असलं तरी हेच.

तुम्ही म्हणाल, कोटिंग जास्त टिकतं. टिकतं ना! गडद रंगाची गाडी कायम उघड्यावर असेल आणि विचार करून घेत असाल तर खुशाल घ्या. पण माझ्या वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की दर सहा महिन्यांनी पैसे भरून 'मेंटेनन्स' केलं नाही तर वॉरंटी रद्द. आपण क्लायंटला मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट विकतो, म्हणून आपल्याला तरी हे कळायला हवं होतं!

माझा राग कोटिंगवर नाही. आपण दिवसभर कोड रिव्ह्यूमध्ये एकेका ओळीला 'का?' विचारतो आणि शोरूममध्ये हार घातलेली गाडी दिसली की मुके होतो, राग याचा आहे. आणि मग ती भीती भरून काढतो बादलीवाल्या माणसावर.

असो. त्या पोराने कोटिंग रद्द केलंय. वाचलेल्या पैशांतून त्याच्या सोसायटीतल्या गाडी पुसणाऱ्याला आधी एक बादली घेऊन दे म्हटलं. बाटली नंतर.