ओल्या कचऱ्याची भट्टी

माझा भाचा स्वीडनमध्ये असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो. मागच्या महिन्यात बोलता बोलता मी गावातल्या कचऱ्याबद्दल कुरकुर केली, तर तो लगेच म्हणाला, "मावशी, तुम्ही लोक उगाच विरोध करता. इथे बघ, सगळा कचरा भट्टीत जातो, त्यावर वीज होते, घरं गरम होतात. आपल्याकडे असा प्रकल्प आणायचा म्हटलं की लोक झेंडे घेऊन उभे!"

फोनवर वाद घालायला मला आवडत नाही, बिल त्याचं वाढतं (आता म्हणे बिल येत नाही, पण सवय). म्हणून इथे सविस्तर लिहिते. तो हे पान वाचतो, हे मला माहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, घरं गरम करण्याचं आपल्याला काय कौतुक? तिकडे भट्टीतलं गरम पाणी नळांनी घराघरात फिरवतात, हिवाळा सहा महिन्यांचा असतो, म्हणून ते परवडतं. भट्टीचा मोठा फायदा त्या उष्णतेतच आहे. आमच्याकडे मे महिन्यात जालना जिल्ह्यात पारा बेचाळीसवर जातो. ती ऊब घेऊन आम्ही करायचं काय?

दुसरी गोष्ट जरा चुलीतली आहे. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी पावसाळ्यात चूल पेटवली आहे त्यांना ती सांगावी लागणार नाही. ओलं लाकूड जळत नाही, धुपतं. फुंकून फुंकून डोळे लाल होतात आणि भाकरी कच्ची राहते. आपल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त काय असतं? भाजीची देठं, केळीची सालं, शिळा भात, चहाचा चोथा. म्हणजे पाणीच. आपल्या तीर्थपुरीच्या साखर कारखान्यात उसाची चिपाडं जाळतात आणि त्यावर बॉयलर चालतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण चिपाड आधी चरकातून पिळून निघालेलं असतं, आणि सगळं एकजात असतं. कचऱ्याच्या गाडीत एकजात काय असतं?

हे नुसतं माझं चुलीचं शहाणपण नाही. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचऱ्यापासून वीज करायचा मोठा कारखाना उभारला होता. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॅट वीज काढायची. तो चालला किती? एकवीस दिवस! दिल्लीचा कचरा त्या भट्टीला पुरेसा 'जळाऊ' नव्हता. डेन्मार्कच्या लोकांच्या केराच्या टोपलीत जे पडतं ते आपल्या टोपलीत पडत नाही, एवढी साधी गोष्ट कोणी आधी टोपलीत डोकावून पाहिली नव्हती. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत सरकारनेही एक रेघ आखली, की ज्या कोरड्या, पुन्हा वापरता न येणाऱ्या कचऱ्यात किलोमागे १५०० किलोकॅलरी तरी उष्णता असेल तो जाळून ऊर्जा करण्याकडे वळवावा. आपल्या मिसळलेल्या कचऱ्यात बरेचदा एवढी उष्णता भरत नाही.

मग भट्टी चालवायची तर तिला काय घालावं लागतं? कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, चिंध्या. आणि इथेच खरी मेख आहे. कारण हाच माल विकून पोट भरणारी माणसं (खरं तर बायाच जास्त) आपल्याकडे आधीपासून आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. उकिरड्यावर वाकून कागद वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र मिळालं, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. २००८ पासून त्या बाया पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागल्या. आता तीन हजारांवर सभासद आहेत. कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांना कचरावेचकांच्या संघटनांनी विरोध केला, पुण्यातही आणि दिल्लीतही. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या माणसाला वाटतं, या अडाणी बायकांना तंत्रज्ञान काय कळतं! उलट त्यांनाच कळतं. पोत्यातला कुठला तुकडा विकला जातो, कुठला नाही, हे त्यांच्याइतकं कुठल्या इंजिनिअरला ठाऊक आहे? एक पुठ्ठा रद्दीत गेला तर त्याचा पुन्हा पुठ्ठा होतो. भट्टीत गेला तर एकदाच उष्णता, आणि मग नवीन पुठ्ठ्यासाठी नवीन झाड.

शिवाय भट्टी एकदा बांधली की ती रोज खायला मागते. कोट्यवधी रुपये घातलेले असतात, करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो, कचरा कमी पडून चालत नाही. भाच्या, तुझ्या स्वीडनलाच स्वतःचा कचरा पुरत नाही, नॉर्वे आणि इंग्लंडकडून आणावा लागतो, हे तू मला सांगितलं नाहीस! ज्या गावाने आपला कचरा कमी करायचं ठरवलं त्या गावाला अशी भट्टी म्हणजे दारात बांधलेला हत्ती.

आता धुराचं. भट्टी नीट चालवली, आत ८५० अंशांच्या वर तापमान ठेवलं, धूर गाळणारी यंत्रणा चोख ठेवली तर विष पुष्कळ कमी करता येतं, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. पण ओला कचरा घातला की तापमान उतरतं, आणि प्लॅस्टिक अर्धवट जळलं की डायॉक्सिनसारखी विषं बनतात. जे गाळून घेतलं ते राखेत उतरतं. वजनाने चौथा-पाचवा हिस्सा तरी राख उरते, तिला पुरायला जागा लागतेच. म्हणजे 'कचराभूमी नको म्हणून भट्टी' हे अर्धंच खरं. दिल्लीत ओखल्याला भर वस्तीत २०१२ साली असा प्रकल्प सुरू झाला. सुखदेव विहारच्या रहिवाशांनी २००९ पासूनच कोर्टाची पायरी चढली होती. २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाने प्रकल्पाला २५ लाखांचा दंड केला, पण चालू ठेवायची परवानगीही दिली. एकदा उभं राहिलेलं धुराडं पाडणं किती कठीण ते यावरून समजावं.

आणि गोवंडी. दुष्काळात मुंबईला गेलेली मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात स्थिरावली. तिथे एका बाजूला देवनारचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मुंबईभरच्या दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी. तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०२३ साली ती भट्टी दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात हलवा असा आदेश मिळवला. दवाखान्यातल्या काही गोष्टी जाळाव्याच लागतात, तिथे माझा आक्षेप नाही. पण शहराचा आजार आणि श्वास मात्र झोपडपट्टीचा, हा न्याय कुठला? आणि रायगडमध्ये तरी ती कोणाच्या तरी शेजारीच उभी राहणार ना.

"लोक झेंडे घेऊन उभे" असं भाचा म्हणाला, त्यावरही बोलायचं आहे. आपल्या जवळचंच उदाहरण देते. औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) कचरा वर्षानुवर्षं नारेगावला टाकत होते. विहिरी नासल्या, माश्यांनी जेवणं अशक्य झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकीच्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि आता एकही गाडी आत येऊ देणार नाही म्हणून बसले. शहरात आठवड्यानुआठवडे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तर दगडफेक झाली, पोलिसांची कारवाई झाली. तेव्हा शहरातले माझे नातेवाईक गावकऱ्यांना शिव्या देत होते. आणि रात्री तेच लोक दारातल्या ढिगाला काडी लावत होते! गल्लोगल्ली धूर. महिनाभर धुरात राहिल्यावर शहराला पहिल्यांदा कळलं की ओला-सुका वेगळा करणं म्हणजे काय. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रियेची केंद्रं उभी राहिली ती त्यानंतर. नारेगावकर अडून बसले नसते तर आजही गाड्या तिथेच रिकाम्या झाल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. दगडफेकीचं समर्थन करत नाही, पण अडवणाऱ्याला अडाणी म्हणणंही मला पटत नाही.

पर्याय काय, असं विचारतात. वेंगुर्ल्याला जाऊन पाहावं. बारा-तेरा हजार वस्तीचं गाव, महानगर नव्हे. २०१५ च्या सुमारास रामदास कोकरे नावाचे मुख्याधिकारी तिथे आले आणि त्यांनी लोकांच्या मागे लागून लागून घरातच कचरा वेगळा करायला लावला. पुढे कचराभूमीवर त्याचे वीसहून अधिक प्रकार होऊ लागले. ओल्याचा गॅस आणि खत, प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. जिथे नाक धरून जायचे तिथे आता लोक सहलीला येतात. भट्टी नाही, परदेशी तंत्रज्ञान नाही. माणसांना रोज तेच तेच सांगण्याची चिकाटी मात्र आहे, आणि ती काय असते हे मास्तरकी केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्या तीर्थपुरीलाही ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गाव वाढतंय, दुकानं वाढतायत, पिशव्या त्याहून वाढतायत. सकाळी फिरायला निघालं की नाल्याच्या कडेला कोणीतरी ढीग पेटवलेलाच असतो. संत गाडगेबाबा स्वच्छता अभियान आलं २०००-०१ मध्ये, तेव्हापासून गावोगाव झाडू हातात आला हे फार चांगलं झालं. पण झाडून ढीग केला की काडी लावायची ही सवय काही गेली नाही. २०१६ च्या डिसेंबरात हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजारांचा दंड सांगितला. भरलेला मी अजून कोणी पाहिला नाही.

आणि गंमत म्हणजे आपल्या भोवती शेतं आहेत. ऊस, कापूस, मोसंबी. रासायनिक खतं टाकून टाकून जमिनीतला कस गेला म्हणून प्रत्येक शेतकरी रडतोय. माझ्या लहानपणी उकिरडा ही घरची ठेव असायची, चैत्र-वैशाखात त्याच्या गाड्या भरून शेतात जायच्या, आणि दुसऱ्याच्या उकिरड्याला हात लावला तर भांडण व्हायचं. त्या उकिरड्यात आणि आजच्या ढिगात फरक एवढाच, की त्यात प्लॅस्टिक नव्हतं. ते काढा, की ओल्या कचऱ्याला इथे गिऱ्हाईक दारात उभं आहे.

सगळं सुटतं असं नाही. फाटके बूट, चकचकीत कागदाच्या पुड्या, लहान मुलांचे लंगोट, बायकांचे पॅड, यांचं काय करायचं, याचं उत्तर मला वेंगुर्ल्याच्या हकिकतीतही समाधानकारक मिळालं नाही. गुटख्याच्या पुड्या तर भंगारवालाही घेत नाही. पण हा उरलेला भाग शंभर किलोतला किती? तो घरोघरी आधी वेगळा काढून मोजू तरी. आमच्या गल्लीतल्या सात घरांनी दोन बादल्या ठेवायला सुरुवात केली आहे. आठव्या घरचे म्हणतात, गाडीत शेवटी सगळं एकत्रच होतं, मग आम्ही कशाला? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. म्हणून पुढच्या सोमवारी आम्ही पाच-सहा जणी नगरपंचायतीत जाणार आहोत, गाडीला मधोमध पत्रा लावून दोन कप्पे करा एवढंच सांगायला.

भाच्या, रविवारी फोन कर. काय झालं ते सांगेन.