कार्ड चांगले, पण बायॉसची परवानगी नाही

विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नवे मशीन घेण्यापेक्षा हातातलेच आणखी दोन-तीन वर्षे ओढू, असे म्हणणारे गिऱ्हाईक तेव्हापासून काउंटरवर जास्त दिसते. वाचकांच्या पत्रांतही एकच रडगाणे आहे : ‘एसएसडी टाकली, रॅम वाढवली, तरी मशीन चालू होताना खोळंबते.’ एसएसडी टाकण्याआधी काय तपासले होते, हे मात्र कोणी लिहीत नाही.

डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स लॉग कशासाठी असतो? १०० ची नोंद एकूण वेळ सांगते; १०१ प्रोग्रॅमवर, १०२ ड्रायव्हरवर, १०३ सर्व्हिसवर बोट ठेवते. लोगोच्या आधीच अडकत असेल तर विंडोजला शिव्या देऊन उपयोग नाही. १०२ मध्ये वायफायचा ड्रायव्हर वारंवार दिसला, तर तळ उघडा, कार्ड काढा, अँटेनाच्या टोकांना टेप लावा आणि पुन्हा वेळ मोजा. त्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर शटडाउननंतर कर्नल नुसता झोपेतून उठतो आणि चाचणी फुकट जाते. एवढे केले असते तर पत्रांतल्या निम्म्या एसएसडी तरी विकाव्या लागल्या नसत्या. (विकायच्याच होत्या, असे कोणी म्हणेल तर आमचे बोलणे खुंटले.)

खरा त्रास कार्ड खराब निघाल्यावर सुरू होतो. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून चांगले कार्ड आणावे, बसवावे, आणि काळ्या पडद्यावर जुन्या थिंकपॅडने १८०२ किंवा जुन्या एचपीने १०४ दाखवून जागच्या जागी थांबावे. बायॉसमधल्या मंजूर यादीत ते कार्ड नाही! गंमत अशी की इंटेलचे तेच कार्ड, तोच मॉडेल नंबर असूनही नाकारले जाते, कारण त्याचा सबसिस्टम आयडी दुसऱ्या लॅपटॉप कंपनीचा असतो. कंपन्यांचे म्हणणे असे की रेडिओ आणि अँटेना यांना एकत्र मान्यता मिळालेली असते, म्हणून दुसरे कार्ड चालवता येत नाही. ठीक. मग त्याच मशीनच्या एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत किंवा यूएसबीत कोणतेही वायफाय घाला, बायॉस चकार शब्द काढत नाही. त्यांची अँटेना आणि मान्यता वेगळी, हे मान्य. पण त्याच बनावटीच्या कार्डाने, केवळ आयडी बदलल्यामुळे, लहरींचा कोणता नियम मोडतो? आणि नियमच पाळायचा होता, तर तेवढे कार्ड बंद ठेवून मशीन पुढे चालू द्यायला काय हरकत होती? अख्खा लॅपटॉप अडवून धरायचा, हा कुठला न्याय?

यावर दाद कुठे मागायची? ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये थाटात सुरू झाले. दुरुस्तीक्षमता निर्देशांकावरच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. लॅपटॉपने रांगेत उभे राहायचे. इकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकांना पुनर्चक्रणाचे लक्ष्य देतात. एका कार्डापायी चालते मशीन भंगारात गेले तरी कागदावर सगळे छान. मंत्रालयातल्या साहेबांनी एकदा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन पाहावा.

मात्र आपल्यातलेही काही कमी नाहीत. यादी उडवायची म्हणून इंटरनेटवरून कोणाची तरी बिन फाइल उतरवायची आणि सीएच३४१ए ने थेट चिपवर चढवायची, हा उद्योग थांबवा. त्या चिपमध्ये मशीनचा सीरियल नंबर असतो, ओईएम विंडोजची की असते, बऱ्याच बोर्डांवर लॅनचा मॅक पत्ताही असतो. मूळ डंप दोनदा वाचून जुळवला नाही, १.८ व्होल्टच्या चिपला अॅडॉप्टर लावला नाही आणि बोर्ड गेला, तर गिऱ्हाइकाला ‘आधीच खराब होता’ म्हणून सांगू नका. तसेच स्वस्त मिळाले म्हणून एएक्स२०१ जुन्या मशीनला लावून ‘स्लॉट मेला’ असे लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे : ते सीएनव्हीआय कार्ड आहे. साध्या पीसीआय-ई स्लॉटवर ते उठणारच नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० आणा. ब्लूटूथ दिसत नसेल तर त्या स्लॉटला यूएसबीची जोडणी आहे का, तेही पाहा.

आता आमची मागणी. सरकार यादी मागेल तेव्हा मागेल, आपली यादी आपणच करू. कोणत्या मॉडेलने कोणते कार्ड घेतले, कोणते नाकारले, हे बायॉसची आवृत्ती, कार्डाचा एफआरयू क्रमांक आणि डिव्हाइस मॅनेजरमधला पूर्ण हार्डवेअर आयडी यांसह लिहून पाठवा. नुसते ‘चालले’ किंवा ‘नाही चालले’ असे लिहिलेली पत्रे छापणार नाही. नाकारलेल्या कार्डांच्या नोंदी आधी पाठवा. ग्राहक व्यवहार विभागाला लिहायच्या निवेदनाला त्याच जोडायच्या आहेत.